बिजागरीत तेल घालण्याआधी
ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका फर्निचर कारखान्यात मी कामाला लागलो, तेव्हा दार कुरकुरले की तेल घालायचे, एवढेच मला ठाऊक होते. घोडबंदर रस्त्यावरील एका घरात लाकडी दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांना मी खोबरेल लावले आणि पंधरा दिवसांत तक्रार परत आली, कारण तेल चिकट होऊन त्यात धूळ बसली होती. या खेपेस सोबत आलेल्या मिस्त्रींनी मधल्या बिजागरीचे स्क्रू जरासे सैल केले, त्याबरोबर दार अलगद फिरले. तिन्ही पिना एका ओळंब्यात नसतील, तर दार फिरताना प्रत्येक बिजागरी दुसरीला पिळते, आणि त्या पिळावर कोणतेही तेल चालत नाही.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी घर्षणाचा एक नियम पक्का ध्यानात ठेवावा: पृष्ठभागांवरचा दाब वाढला की घर्षण त्याच प्रमाणात वाढते. ६०० मिलिमीटर रुंदीच्या आणि १० किलो वजनाच्या दाराचा भार मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ३०० मिलिमीटरवर असतो. वरची आणि खालची बिजागरी ९०० मिलिमीटर अंतरावर असल्यास प्रत्येकीवर सुमारे ३.३ किलोंची आडवी ओढ येते. तेच अंतर ४५० केले, तर ओढ दुप्पट होते. दिसायला बरे म्हणून बिजागऱ्या जवळ घ्या, असे ग्राहक सांगतो, तेव्हा हा हिशेब त्याला करून दाखवावा. मला तरी आजवर याहून चांगला युक्तिवाद सापडलेला नाही.

स्वयंपाकघरातील कपाटांना ३५ मिलिमीटरच्या खोबणीत बसणारी बिजागरी असते आणि तिला बाजूचे अंतर बदलणारा वेगळा स्क्रू असतो. तेथील कुरकुर बहुधा सांध्याची नसून शेजारच्या फळीला घासणाऱ्या कडेची असते. दार मिटवून फटीतून कागदाची पट्टी फिरवावी. ती अडेल तेथे दार घासते.

खाडीच्या दमट, खारट हवेत साध्या लोखंडी पिना लवकर गंजतात. त्या मात्र काढून, पुसून, त्यांना पातळसे ग्रीस लावावे. जुलैमध्ये लाकूड ओल धरून फुगते, म्हणून घासणाऱ्या कडेला तूर्त मेण चोळावे आणि रंधा मारण्याची घाई करू नये. नाहीतर दिवाळीनंतर त्याच दाराला फट पडल्याचा फोन येतो.