तौलनिक साहित्याची पदवी: खर्चाचा आणि मोलाचा हिशेब

तौलनिक साहित्यात, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतील साहित्याच्या तुलनात्मक अभ्यासात, एम.ए. करायचे ठरले की बहुतेक विद्यार्थी आधी विद्यापीठाचे नाव पाहतात आणि शुल्काचा विचार नंतर करतात. माझ्या मते आरंभ शेवटाकडून करावा: पदवी हाती आल्यावर पहिली काही वर्षे दरमहा किती रक्कम मिळू शकेल, याचा अंदाज आधी घ्यावा आणि खर्चाची मर्यादा त्यावरून ठरवावी.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी त्यातला एक आकडा निश्चित आहे. प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेत तौलनिक साहित्य हा स्वतंत्र विषय असून, त्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. आता समजा, परदेशातील दोन वर्षांच्या पदवीसाठी २० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले. अभ्यासक्रमाच्या काळात आणि त्यानंतरचे एक वर्ष सहसा हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज चढतच राहते. सगळी रक्कम आरंभीच उचलली असेल, तर सरळव्याजानेही तीन वर्षांत ते ६ लाख होते. हे २६ लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ३४,००० रुपये येतो, म्हणजे अधिछात्रवृत्ती जवळजवळ सगळी हप्त्यातच जाते. शिवाय ती मोजक्याच विद्यार्थ्यांना मिळते, हेही विसरू नये.

म्हणून आधी देशातील पर्याय नीट पाहावेत. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात बंगाली कवी बुद्धदेव बसू यांनी १९५६ साली या विषयाचा भारतातील पहिला विभाग सुरू केला. हैदराबाद विद्यापीठातही तौलनिक साहित्याचे केंद्र आहे. अशा सार्वजनिक विद्यापीठांत शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचाच खर्च मोठा असतो, त्यामुळे वसतिगृह मिळण्याची शक्यता किती, हे प्रवेशाआधी विचारावे. परदेशी जायचेच असेल, तर अमेरिकेतील पीएच.डी.चा मार्गही तपासावा, कारण तेथे अनेक विद्यापीठे शुल्क माफ करून अध्यापनाच्या बदल्यात विद्यावेतन देतात. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, परंतु साहित्याचे अध्यापन बहुधा जर्मनमध्येच होते; ती भाषा त्या पातळीपर्यंत शिकण्याचा खर्च आणि वेळ हिशेबात धरलाच पाहिजे.

मोलाच्या बाजूला मी सर्वांत वर भाषा ठेवतो. मराठीबरोबर कन्नड किंवा गुजराती, अथवा गोव्यातील विद्यार्थ्याच्या बाबतीत कोकणी आणि पोर्तुगीज, या भाषांतील मूळ ग्रंथ वाचता येणारा पदवीधर अनुवाद, संपादन आणि संशोधन या तिन्ही क्षेत्रांत उपयोगी पडतो. जो अभ्यासक्रम सगळे साहित्य केवळ इंग्रजी अनुवादातून शिकवतो, त्यासाठी मोठी रक्कम मोजणे मला पटत नाही. कोलकात्यात राहून बंगाली आत्मसात झाली, तर ती कमाई पदवीइतकीच मोलाची ठरते.

प्राध्यापकीचा विचार असेल, तर आपल्या भागातील महाविद्यालयांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतील जाहिराती काढून वाचाव्यात. मराठी किंवा इंग्रजी विभागातील पदासाठी ‘संबंधित विषयातील’ पदव्युत्तर पदवी मागितलेली असते आणि तौलनिक साहित्य त्यात धरले जाईलच, असे गृहीत धरता येत नाही. तशी शंका राहिली, तर मराठीत एम.ए. करून तौलनिक अभ्यास पीएच.डी.साठी राखून ठेवणे अधिक सुरक्षित आहे. शेवटी, निवडलेल्या विभागाकडे पुढील तीन गोष्टी लेखी मागाव्यात: चालू वर्षाची अभ्यासपत्रिका, कोणत्या भाषा शिकवल्या जातात त्यांची यादी आणि वसतिगृहासह वर्षाचा एकूण खर्च.