एमआर फ्लुइडसाठी लोखंडाची भुकटी, तेल आणि बाकीचं साहित्य

मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल म्हणजेच एमआर फ्लुइड हा लोखंडाचे बारीक कण मिसळलेला, चुंबकाजवळ घट्ट होणारा तेलकट द्रव. त्याचं खरं दुखणं तळाशी असतं. लोखंड तेलाच्या नऊपट जड, ते खाली बसणारच. बसलेला गाळ सहज ढवळला जातो की त्याचा दगड होतो, हे साहित्य ठरवतं.

भुकटी कार्बोनिल आयर्नचीच (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं शुद्ध, बारीक लोखंड) घ्या. कण गोल, 1 ते 10 मायक्रॉनचे. लोहकीस चालत नाही. कण खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून 100 मायक्रॉनचा कण 5 मायक्रॉनच्या कणापेक्षा सुमारे 400 पट लवकर बसतो. वर किसाच्या धारदार कडा उपकरणातले रबरी सील खरवडतात. फेरोफ्लुइड या दुसऱ्या चुंबकीय द्रवातले 10 नॅनोमीटरच्या आसपासचे कणही इथे कामाचे नाहीत: ते बसत नाहीत, पण चुंबकाने द्रव घट्टही होत नाही.

100 मिलीसाठी लोखंड 234 ग्रॅम (आकारमानाने 30 टक्के), पातळ मिनरल ऑइल 67 मिली, ओलेइक ॲसिड 3 ग्रॅम (कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून), फ्यूम्ड सिलिका 1 ग्रॅम (तेल दाट करून कण तरंगते ठेवणारी बारीक भुकटी). लोखंड 20 टक्क्यांखाली गेलं की पकड कमी पडते. 40 च्या वर चुंबक नसतानाही लगदाच राहतो.

एक तृतीयांश तेलात ओलेइक ॲसिड मिसळा आणि त्यात भुकटी थोडी थोडी टाकत खलात घोटा. कोरडे करडे ठिपके दिसेनासे होऊन चकचकीत काळसर लेप झाला की पुरे. उरलेल्या तेलात सिलिका वेगवान मिक्सरने फिरवा, मग दोन्ही एकत्र करून अर्धा तास ढवळा. मॅग्नेटिक स्टरर अजिबात वापरू नका, सगळं लोखंड त्याच्या दांडीला चिकटतं. भांडं आणि पातं चुंबकाला न चिकटणारं हवं. दोन्ही भुकट्या हवेत उडतात, म्हणून मास्क लावा. लोखंडाची बारीक धूळ पेट घेते, तेव्हा जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको.

परीक्षानळीत 24 तास ठेवून काचेच्या कांडीने तळ तपासा. कांडी दह्यात शिरावी तशी शिरली तर उत्तम. तळ कडक लागला तर कणांवर ओलेइक ॲसिडचा थर नीट बसलेला नाही, घोटणं वाढवा. गाळ मऊ आहे पण वर तेलाचा जाड थर साचतोय, तर सिलिका अर्ध्या ग्रॅमने वाढवा.

पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका, लोखंड गंजतं. या तेलात ईपीडीएम रबर फुगतं. सील नायट्राइल रबराचे लावा.