कोर्टाचा निकाल लोकांना समजावून सांगायचाय? आधी निकाल उघडा

ऑगस्ट २०२० मध्ये मावशीचा फोन आला, "अगं, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय ना, मुलींचा जन्मापासून हक्क, मग तुझ्या आजोबांनी स्वतः घेतलेल्या ब्लॉकमध्ये पण माझा हिस्सा जन्मापासूनच ना?" तिनं फक्त हेडलाइन वाचली होती, आणि हेडलाइनमध्ये एक शब्दच गायब होता, 'वडिलोपार्जित'. कायद्यावर मराठीत लिहिणाऱ्यानं, घरच्यांना नुसतं समजावून सांगणाऱ्यानं सुद्धा, बातमीवरून कधीच सुरुवात करू नये असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

तर हाच निकाल घेऊ, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२०. सुप्रीम कोर्टाच्या साइटवर फुकट मिळतो. शंभरावर पानं आहेत पण घाबरायचं नाही, आधी तारीख आणि न्यायाधीश किती ते बघा. इथे तीन आहेत, आणि ते का तर त्याआधी दोन-दोन न्यायाधीशांच्या बेंचचे दोन निकाल, २०१५ चा फुलवती आणि २०१८ चा दानम्मा, एकमेकांशी जुळत नव्हते. म्हणजे भांडण नेमकं कशावर होतं? ९ सप्टेंबर २००५ ला, हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, मुलीला हक्क मिळायला वडील हयात असायलाच हवेत का, यावर. हा प्रश्न आधी एका वाक्यात स्वतःच्या मराठीत वहीत लिहून काढा, तो लिहिता येत नसेल तर अजून निकाल कळलेला नाही असं समजा.

मग सरळ शेवटाकडे जा. 'रिझल्टंटली, वी आन्सर द रेफरन्स' (म्हणजे 'तर समोर आलेल्या प्रश्नाचं उत्तर असं') असं जिथे येतं तिथून पाच मुद्दे आहेत, कोर्टानं ठरवलं ते हेच, बाकीची पानं म्हणजे तिथपर्यंत कसे पोचले ते. वडील हयात असण्याची गरज नाही, कारण हक्क जन्मानं येतो. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी किंवा विक्री उकरून काढता येत नाही (त्या दिवशी हे विधेयक राज्यसभेत आलं होतं, म्हणून ती तारीख). आणि 'आमची तोंडी वाटणी झाली होती' एवढं म्हणून भागत नाही, अपवाद म्हणून मानली तरी सरकारी कागदांचा आधार लागतो. हा शेवटचा मुद्दा बातम्यांमध्ये बहुतेक गाळला जातो आणि गावाकडच्या बायकांना नेमका तोच उपयोगाचा असतो, कारण भाऊ हमखास तेच सांगतात.

त्यानंतर मूळ कलम वाचा, इथे हिंदू वारसा कायद्याचं कलम ६, इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या साइटवर आहे. कलम आणि निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले की कळतं, हे सगळं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल आहे. स्वकष्टार्जित ब्लॉकचं मालक काय वाटेल ते करू शकतो, मृत्युपत्र न करता गेला तरच तो वारसांकडे जातो, आणि त्यात मुलगीही मुलाच्या बरोबरीनं येते. मावशीला हेच सांगितलं, थोडी हिरमुसली, पण वकिलाकडे जाताना नेमकं काय विचारायचं ते तिला कळलं.

फौजदारी निकाल असेल तर घटना कधीची ते तपासा, १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता लागते, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता, खुनाचं ३०२ आता १०३ आहे. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेचं नाव किंवा ती ओळखू येईल असा कुठलाही तपशील लिहायचा नाही, गावाचं नाव सुद्धा नको, तो गुन्हा आहे.

लिहिताना 'कोर्ट म्हणालं' आणि 'मला वाटतं' वेगवेगळ्या परिच्छेदात ठेवा. तो निकाल नंतर मोठ्या बेंचनं फिरवलाय का तेही बघा, फुलवतीचा २०२० मध्ये फिरवला गेलाच की, आणि तरी तो आधार म्हणून दाखवणारे मला अजून भेटतात.