इस्रायल-पॅलेस्टाईन शांततेचं धोरण लिहायला बसलात तर सुरुवात शेवटापासून करा

समजा उद्या तुम्हाला कुणी परराष्ट्र खात्यात बसवून सांगितलं की इस्रायल-पॅलेस्टाईनवर दोन पानी नोट काढा, तर पहिलं वाक्य हमखास "दोन्ही बाजूंनी संयम पाळावा" असंच येणार. ते खोडा. त्या जागी शेवट काय हवाय ते लिहा, म्हणजे सीमा कुठली, जेरुसलेमचं काय, निर्वासितांचं काय, सेटलमेंटचं (व्यापलेल्या जमिनीवर इस्रायलने वसवलेल्या ज्यू वस्त्यांचं) काय, सुरक्षा कोण बघणार. सगळं घोडं याच पाच ठिकाणी पेंड खातंय.

ओस्लो करारात, म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टिनींच्या पीएलओ संघटनेतल्या 1993 च्या समझोत्यात, नेमकं हेच राहिलं. 13 सप्टेंबर 1993 ला व्हाईट हाऊसच्या लॉनवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पीएलओचे नेते अराफत यांनी हात मिळवले, पण हे पाचही प्रश्न "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवलेले, मध्ये पाच वर्षांची तात्पुरती व्यवस्था. मग फेब्रुवारी 1994 मध्ये वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनच्या मशिदीत एका सेटलरने (ज्यू वस्तीतल्या रहिवाशाने) 29 नमाजी मारले, हमास या कराराला विरोध करणाऱ्या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने बसेसमध्ये आत्मघाती स्फोट सुरू केले, नोव्हेंबर 1995 मध्ये एका ज्यू अतिरेक्याने राबिनलाच गोळ्या घातल्या, आणि या सगळ्यात सेटलमेंट वाढतच राहिल्या. 1995 च्या करारात वेस्ट बँकचे ए, बी, सी असे तुकडे पाडले, त्यातला सी म्हणजे जवळपास 60 टक्के जमीन पूर्ण इस्रायलच्या ताब्यात, आणि ही "तात्पुरती" व्यवस्था आजही तशीच आहे. माझं मत विचाराल तर "नंतर बघू" म्हणजे दोन्हीकडच्या मोडता घालणाऱ्यांना फुकटात दिलेली मुदत.

आता याच्या उलट सिनाई बघा, म्हणजे 1967 मध्ये इस्रायलने इजिप्तकडून घेतलेला वाळवंटी प्रदेश, इथे जरा थांबूया कारण शिकण्यासारखं सगळं इथेच आहे. 1978 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी कॅम्प डेव्हिड या आपल्या विश्रांतीस्थळी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना 13 दिवस ठेवून घेतलं, आणि पहिल्या काही दिवसांतच कळलं की हे दोघं समोरासमोर बसले की फक्त भांडतात, म्हणून मग अमेरिकनांनी स्वतःच एक मसुदा केला, तो या केबिनमधून त्या केबिनमध्ये फिरवायचा, आक्षेप ऐकून घ्यायचे, परत लिहायचा, असे 23 मसुदे झाले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमवरच्या एका पत्रावरून बेगिन सामान बांधून निघायच्या बेतात होते. बेगिनना नातवंडांसाठी सही केलेले फोटो हवे होते, कार्टर ते घेऊन त्यांच्या केबिनवर गेले, प्रत्येक फोटोवर एकेका नातवंडाचं नाव लिहिलेलं. बेगिन एकेक नाव वाचत गेले आणि गळा दाटून आला. पण नुसत्या फोटोंनी काम झालं नाही हं, पत्राची भाषाही बदलली, तेव्हा कुठे जमलं.

आणि त्यातून निघालेल्या 1979 च्या इजिप्त-इस्रायल करारात सगळं लिहिलेलं होतं: एप्रिल 1982 पर्यंत पूर्ण सिनाई रिकामं, पहारा देणारं फौजफाट्यासकट पथक (सोव्हिएत विरोधामुळे यूएनचं जमेना, तर यूएनबाहेर उभं केलं, ते अजून तिथे आहे), आणि वाद झालाच तर लवाद. झालाच वाद. ताबा नावाचा समुद्रकाठचा इवलासा तुकडा, त्यावर एक हॉटेल, दोन्ही देश म्हणे आमचा. लवादाने 1988 मध्ये इजिप्तच्या बाजूने निकाल दिला, 1989 मध्ये इस्रायलने तो सोडला, गोळी न झाडता. ओस्लोत मात्र दोघंही तयार असतील तरच लवाद, म्हणजे जो करार मोडतोय त्याचीच परवानगी घ्यायची!

तर तुमच्या नोटेत लवाद सक्तीचा ठेवा आणि दबाव खरा ठेवा. 1991 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थोरल्या बुशनी सेटलमेंटच्या मुद्द्यावर इस्रायलची 10 अब्ज डॉलरची कर्जहमी अडवून धरली होती, तसलं काहीतरी, नुसती "चिंता" नको. दुसऱ्या बाजूला आमिषही हवं. 2002 मध्ये बैरूतला अरब देशांनी इस्रायलला सांगितलं होतं की 1967 च्या युद्धाआधीच्या सीमेवर परत जा, आम्ही सगळे संबंध जोडतो. ती ऑफर अजून वापरण्यासारखी आहे. 2025 मध्ये फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली ते चांगलंच, पण त्याने एकही चेकपोस्ट हलत नाही.

पैशाचा मुद्दा लोक विसरतात. 1994 च्या पॅरिस प्रोटोकॉलनुसार (ओस्लोचाच आर्थिक भाग) पॅलेस्टिनींच्या आयातीवरचा कर इस्रायल गोळा करतं आणि त्यांना देतं, भांडण झालं की अडवतं, मग तिकडे शिक्षकांचे आणि पोलिसांचे पगार रखडतात. हा पैसा तिसऱ्याच्या हातात जाईल अशी सोय करा.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासने सुमारे 1200 माणसं मारली, त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार 60 हजारांहून जास्त. यानंतर कुणी कुणावर भरवसा ठेवेल असं धरून काहीही लिहू नका. मसुदा झाला की त्याला एकच परीक्षा लावा: सहीच्या दुसऱ्याच दिवशी बसमध्ये स्फोट झाला किंवा सेटलरांनी एखादं गाव जाळलं, तर पहिला फोन कोण कुणाला करणार, किती तासांत चौकशीचं पथक पोचणार, आणि तोवर सैन्य मागे घेणं चालू राहणार की थांबणार? उत्तर मसुद्यात सापडलं नाही तर चोविसावा मसुदा लिहायला घ्या.