कामाच्या ठिकाणी संक्रांतीचं तिळगूळ संमेलन कसं घ्यावं

जानेवारी लागला की सोलापूरचं निम्मं लक्ष गड्ड्याकडे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेकडे असतं. होम मैदानावर पाळणे उभे राहतात, घरोघरी तीळ भाजल्याचा वास सुटतो आणि कारखान्यात, बँकेच्या शाखेत, दवाखान्यात, दुकानात कुणीतरी म्हणतंच, "यंदा आपणही काहीतरी करू या की." विचार चांगला असतो. पण बेत शेवटच्या दोन दिवसांत ठरतो आणि त्याचा भार भलत्याच माणसांवर पडतो. नगावर मजुरी घेणाऱ्याचा अर्धा दिवस बुडतो, हेल्परकडूनही साहेबांइतकीच वर्गणी घेतली जाते, आणि ज्या मावशी रोज झाडतात त्याच कार्यक्रमानंतर पत्रावळ्या उचलतात.

हे सगळं टाळता येतं. मजुरी, सुट्टी आणि मान, या तिन्हींत कुणालाही तोशीस पडू नये, एवढं एक माप धरून पुढच्या गोष्टी ठरवा.

१. तारीख

तिळगूळ संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत देता येतो, म्हणून संक्रांतीच्याच दिवसाचा हट्ट नको. रथसप्तमी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येते, त्यामुळे आधी कालनिर्णय उघडून पाहा. सोलापुरात तर संक्रांतीचे दिवस टाळलेलेच बरे. सिद्धेश्वराच्या यात्रेत तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम असे लागोपाठ दिवस असतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कुणाचा भाऊ असतो, कुणी स्वतः असतो, गावात वाहतूक वळवलेली असते. अशा दिवशी हजेरी अर्धी आणि आलेल्यांचंही लक्ष घड्याळाकडे.

१२ जानेवारीही सोडा. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्या दिवशी स्पीकर लावून खेळ घेणं सोलापूरकराला शोभत नाही.

झेंडावंदनाला सगळे येतातच, तेव्हाच उरकून घेऊ, अशी सूचना दरवर्षी कुणीतरी करतं. माझं मत स्पष्ट आहे, तसं करू नका. २६ जानेवारीची सुट्टी माणसाची स्वतःची आहे. झेंडावंदन, जिलेबी आणि घरी.

संकष्टी, एकादशी आणि गुरुवारचे उपवास बघून घ्या. रोजेही बघा. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होईल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस. ज्यांचा रोजा आहे त्यांच्यासमोर भर दुपारी जेवणाची पंगत मांडायची नसेल तर हे आत्ताच पाहायला हवं. शुक्रवारी ठेवत असाल तर दुपारच्या नमाजची वेळ सोडा.

हे सगळं गाळून जानेवारीचा तिसरा-चौथा आठवडा बहुतेक वेळा मोकळा सापडतो.

२. वेळ आणि मजुरी

कार्यक्रम कामाच्या वेळेत घ्या. संध्याकाळी सहानंतर ठेवला की विडी घरकुल, शेळगी, बाळे अशा लांबच्या भागांतून येणाऱ्या बायका पहिल्या अर्ध्या तासातच चुळबुळ करू लागतात. दुपारी साडेतीन ते साडेपाच ही वेळ उत्तम. दोन तास पुरतात.

यंत्रमागाच्या किंवा शिलाईच्या कारखान्यात इथेच खरा प्रश्न येतो. पगारी माणसाला दोन तासांची मजा फुकट मिळते. नगावर काम करणाऱ्याचा माग बंद पडला की त्याची मजुरी बंद. त्याला खेळात हसायला सांगायचं आणि आठवड्याच्या हिशेबात तेवढे पैसे कमी द्यायचे, हा अन्याय आहे. म्हणून मालकाशी आधीच बोलून घ्या. मागच्या आठवड्याच्या सरासरीवर दोन तासांची मजुरी काढायची आणि ती सगळ्या नगवाल्यांना द्यायची. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांनाही. हे ठरल्याचं आदल्या दिवशी तोंडी नाही, फळ्यावर लिहून सांगा. मालक तयार नसेल तर कार्यक्रम लहान करा, जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास जोडून तिळगूळ वाटा. पण मजुरी कापून संमेलन करू नका.

दोन पाळ्या असतील तर कार्यक्रम पाळी बदलण्याच्या वेळेला धरून ठेवा, म्हणजे पहिली पाळी जाण्याआधी आणि दुसरी आल्यावर दोन्ही पाळ्यांना तास-तास मिळतो. रात्रपाळीचा वॉचमन कुठेच बसत नाही. त्याचा वाटा नावानं बाजूला काढून ठेवा.

३. माणसं आणि पैसे

चार-पाच जणांची समिती पुरे. एक ऑफिसातला, एक मागाच्या खात्यातला, एक पॅकिंगचा, एक साफसफाईचा, आणि त्यात निदान दोन बायका. मॅनेजरनं समितीत नसावं. तो असला की बाकीचे फक्त मान हलवतात.

वर्गणी काढायची नाही. खर्च कंपनीचा. कंपनी देत नसेल आणि सगळ्यांनाच हौस असेल तर एक बंद डबा ठेवा, ज्याला जेवढं वाटेल तेवढं टाकेल, यादी कुठेही लागणार नाही.

कपड्यांचंही तेच. संक्रांतीला काळं नेसायची हौस असते, ती ज्याची त्याला करू द्या. "सगळ्यांनी काळ्या साडीत यावं" असा मेसेज ग्रुपवर गेला की कुणाला तरी नवी साडी घ्यावी लागते.

४. खाणं

केटररपेक्षा सोलापुरी साधं खाणं लोकांना जास्त आवडतं आणि ते स्वस्तही पडतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा, एखादी उसळ, शेंगापोळी आणि तिळगूळ. कडक भाकरी आदल्या दिवशी आणून ठेवता येते, गरम करायची कटकट नाही. भाकरी करून देणारे महिला बचत गट शहरात आहेत. आठ दिवस आधी सांगितलं तर काम त्यांना मिळतं.

घरून डबे आणायची पद्धत मला कमी आवडते. पहाटे उठून जास्तीचं रांधणं बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतं आणि कुणाच्या डब्यात काय, याची तुलना सुरू होते.

सगळं शाकाहारी ठेवा, म्हणजे वेगळ्या पंगती मांडाव्या लागत नाहीत. मधुमेहाची माणसं प्रत्येक खात्यात असतात, त्यांच्यासाठी भाजलेल्या शेंगा किंवा फुटाणे बाजूला ठेवा. पाण्याचे जार आदल्या संध्याकाळीच मागवा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, टाकीच्या भरवशावर राहू नका. साहेबांनीही त्याच रांगेत ताट घ्यावं. केबिनमध्ये ताट पाठवलं की पुढच्या खेळांतला जीव गेला.

५. खेळ

खेळ निवडताना तीन प्रश्न विचारा. साडी नेसलेल्या, पन्नाशीच्या बाईला तो खेळता येईल का? मराठी कच्चं असलेल्या माणसाला येईल का? खेळताना कुणाचा कुणाला धक्का लागेल का? संगीत खुर्ची पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला नापास होते, म्हणून ती नको. डोळे बांधून पकडापकडी, जोड्या लावून फुगे फोडणं हेही नको. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, आणि कंपनीनं नेलेली सहलही त्या कायद्याच्या कक्षेत येते. त्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं कार्यक्रमाच्या ठिकाणीही लावलेली असू द्या.

आता चालणारे खेळ.

*ज्याचं काम त्याचा खेळ.* माझ्या मते संमेलनाचा प्राण हाच. मागावर धागा तुटला की कामगार डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ मारून तो जोडतो. ऑफिसातल्या लोकांना ते करायला लावा. आधी अनुभवी विणकर गाठ हळूहळू दाखवेल, मग पाच जणांच्या तुकड्यांनी एका मिनिटात किती गाठी मारल्या ते मोजायचं. ओढून पाहायची, सुटली तर बाद. पुढची फेरी पॅकिंगवाल्यांची, टॉवेलची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी. त्यानंतर ऑफिसची, दहा आकड्यांची बेरीज कॅल्क्युलेटरशिवाय. प्रत्येक फेरीत त्या खात्याचा माणूस गुरू आणि पंच असतो, स्पर्धक नाही. वर्षभर ज्यांना सूचना ऐकायला लागतात ते त्या दिवशी शिकवतात आणि मॅनेजर त्यांच्यापुढे बसून गाठ मारायला धडपडतो. बँकेत, दवाखान्यात, दुकानातही हे जमतं. नोटांचं बंडल मोजणं, पट्टी बांधणं, साडीची घडी, पुडी बांधणं, प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी हातात कसब असतंच.

*चार भाषांची कानगोष्ट.* हा खेळ सोलापुरातच रंगेल. दहा-बारा जणांची रांग, पहिल्याच्या कानात मराठीत एक साधं वाक्य. त्यानं ते पुढच्याला तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत, ज्या भाषेत दोघांचं जमेल त्या भाषेत सांगायचं. सलग दोघांनी एकच भाषा वापरायची नाही. शेवटच्यानं मोठ्यानं मराठीत सांगायचं. वाक्य कामातलं निवडा, "उद्या सकाळी नऊला लाल चादरींची गाडी हैदराबादला निघणार आहे" असं. कुणाच्या घरच्या गोष्टीवर, दिसण्यावर किंवा जातीवर वाक्य नको.

*उखाणे, पण कामाचे.* नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घ्यायला लावलं की लग्न न झालेली, विधवा, विभक्त झालेली माणसं अवघडतात. त्याऐवजी शेजारच्या खात्यावर उखाणा रचायचा. पुरुषांनीही. नमुना हवा तर हा घ्या:

उभा धागा, आडवा धागा, विणली चादर छान,
डिस्पॅचच्या मंडळींना तिळगुळाचा पहिला मान.

कुणाला नाही जमलं तर नुसता तिळगूळ द्यावा, आग्रह करू नये. तेलुगू किंवा कन्नड उखाणा आला तर शेजाऱ्यानं अर्थ सांगायचा.

*हाउजी.* दमलेल्यांसाठी, बसून. एका तिकिटावर तीन ओळींत १५ आकडे, पुकारायचे १ ते ९०. तिकीट फुकट द्या, पैसे लावून खेळणं कामाच्या ठिकाणी अजिबात नको. पुकारणाऱ्यानं आकडे सोलापुरी करावेत. ७ ला सात रस्ता, ४ ला हुतात्मे, १३ ला आपल्या गाडीची एमएच-१३ पाटी, महामार्गांच्या क्रमांकांवरून ६५ ला हैदराबाद रोड आणि ५२ ला विजापूर रोड, ६८ ला सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली लिंगं. बाकीचे आकडे लोकच सुचवू लागतात. ज्यांना आकडे वाचायला अडचण येते त्यांच्या शेजारी एक जण बसवा.

गच्चीवर पतंग नको. कारखान्यात समई, पणती, फटाकेही नकोत, कापसाचा फुफाटा आणि सुताच्या कांड्या क्षणात पेट घेतात.

६. वाण

ऑफिसात फक्त सवाष्णींचं हळदीकुंकू ठेवू नका. ज्या घरी ठेवतात त्या ठेवतीलच, पण कामाच्या ठिकाणी वाण प्रत्येकाला द्यायचं, बाई असो वा पुरुष, साहेब असो वा सिक्युरिटी. काय द्यायचं याचं उत्तर सोलापुरात हाताशी आहे. इथलाच टेरी नॅपकिन. चाटी गल्लीत घाऊक भावानं मिळतो, कारखाना टॉवेलचा असेल तर आपल्याच गठ्ठ्यातला. प्लास्टिकचे डबे कपाटात पडून राहतात, नॅपकिन रोज वापरला जातो. खेळांची बक्षिसंही याच जातीची ठेवा, विजेत्या तुकडीतल्या प्रत्येकाला एकेक.

७. हुरड्याला जायचं असेल तर

काही ठिकाणी खेळांऐवजी हुरडा पार्टी ठरते आणि सोलापूर जिल्ह्यात ती सोन्यासारखी होते. ज्वारीचं दाणं कोवळं असतं तेव्हाच हुरडा, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात. शेतमालकाला आठवडाभर आधी फोन करून कणसं कितपत भरलीत ते विचारा. सकाळी निघून दुपारपर्यंत परत या. गाडी कंपनीची हवी, कुणाला स्वतःच्या पेट्रोलनं यायला लावू नका. हुरडा भाजायच्या आगटीभोवती लहान मुलांना एकटं सोडू नका. हुरड्याबरोबर शेंगाची आणि लसणाची चटणी, गूळ, दही. वर ताक हवंच, कारण हुरडा हाताशी असेपर्यंत माणूस खात राहतो. खेळायचं तर लगोरी मांडा. दारू नाही, हे निघायच्या आधीच सांगून टाका. कामाच्या दिवशी गेलात तर मजुरीचा नियम इथेही तोच.

८. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी

भाषण एकच, पाच मिनिटांचं, सुरुवातीला. खेळ सुरू झाल्यावर माईक मॅनेजरकडे जाऊ देऊ नका. ज्याला खेळायचं नाही त्याला बसून बघू द्या आणि कारण विचारू नका. घरात दुःख झालेलं असतं, पाठ दुखत असते, कधी नुसतं मन नसतं.

फोटो काढताना आधी विचारा. बायकांचे फोटो ग्रुपवर टाकण्यापूर्वी त्यांना दाखवा.

आवराआवरीची पाळी आधीच लावा आणि पहिलं नाव समितीतल्या ऑफिसवाल्याचं असू द्या. झाडणाऱ्या अक्का त्या दिवशी पाहुण्या आहेत, साडेपाचला वाण घेऊन त्यांनी घरी जायचं. उरलेल्या भाकऱ्या दुसऱ्या पाळीला आणि वॉचमनला. दुसऱ्या दिवशी खर्चाचा कागद फळ्यावर लावा, नगवाल्यांची दोन तासांची मजुरी हिशेबाच्या वहीत चढली का ते स्वतः जाऊन बघा, आणि चढली नसेल तर आठवड्याचा पगार वाटायच्या आत चढवून घ्या.