प्राचीन सात आश्चर्यांवर लिहिताय? या चुका टाळा

सात आश्चर्यांवरचा मजकूर तपासायला आला की मी शेवटचा परिच्छेद आधी वाचतो. तिथे 'काळाच्या ओघात ही आश्चर्ये नष्ट झाली' असं वाक्य दिसलं की लिहिणाऱ्याने विषयाच्या गाभ्याला हातच लावलेला नाही हे कळतं. शाळेचे प्रकल्प, प्रश्नमंजुषा, व्हिडिओच्या पटकथा, दिवाळी अंकातली मुलांची पानं, सगळीकडे चुका त्याच. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

दोन याद्यांची खिचडी

ताजमहाल, चीनची भिंत, रोमचं कोलोसियम, माचू पिचू ही नावं २००७ च्या यादीतली. एका खासगी संस्थेने फोनवर आणि इंटरनेटवर मतं मागवून ती यादी जाहीर केली. युनेस्कोचा त्याच्याशी संबंध नव्हता आणि युनेस्कोने तसं स्पष्ट सांगितलंही होतं. नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये ज्यांच्या प्रतिकृती आहेत ती ही सात.

प्राचीन यादी वेगळी: गिझाचा मोठा पिरॅमिड, बॅबिलोनच्या झुलत्या बागा, ऑलिंपियाची झ्यूसची मूर्ती, इफिससचं आर्टेमिसचं मंदिर, हॅलिकार्नाससची मॉसोलस राजाची समाधी, ऱ्होड्स बेटावरचा कोलोसस हा भव्य पुतळा आणि अलेक्झांड्रियाचं दीपगृह. पाठ करताना हे लक्षात असू द्या की हीसुद्धा एकमेव यादी नाही. सिडोनचा कवी अँटिपेटर याच्या कवितेत दीपगृह नाही, त्याऐवजी बॅबिलोनचे तट आहेत.

'यात आपलं कैलास लेणं का नाही?' असा संतप्त मजकूर दरवर्षी फिरतो. वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. ग्रीकांनी या याद्या केल्या त्याला तोवर आठ-नऊशे वर्षं होऊन गेली होती. पूर्व भूमध्य समुद्राभोवतीच्या आणि मेसोपोटेमियातल्या, त्यांना ठाऊक असलेल्या वास्तूंच्याच त्या याद्या. कैलासाची थोरवी सांगायला त्यांची गरज नाही.

पाय फाकवून उभा कोलोसस

माझा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. बंदराच्या तोंडाशी एक पाय या काठावर, दुसरा त्या काठावर, मधून शिडाची जहाजं चालली आहेत असं चित्र.

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय प्रश्नमंजुषेची अंतिम फेरी पाहायला गेलो होतो. चूक की बरोबर असा प्रश्न आला: 'ऱ्होड्सच्या कोलोससच्या पायांमधून जहाजं बंदरात शिरत.' एका मुलीने बझर दाबला आणि ठामपणे 'चूक' म्हणाली. तिचे गुण कापले आणि त्या गुणांवरच तिचा संघ हरला. मी मंचामागे जाऊन आयोजकांना गाठलं. त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. "सर, हे बघा, सगळीकडे हेच चित्र आहे. एवढी चित्रं खोटी असतील का?" प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो काय म्हणतो ते सांगितलं, पण बक्षीस समारंभाची घाई होती आणि निकाल बदलला नाही. बाहेर पायऱ्यांवर ती मुलगी बाईंबरोबर उभी होती. "काका, माझं चुकलं का?" तिने विचारलं. तिला तिथेच सगळं समजावून सांगितलं. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला स्वतःविषयी शंका घ्यायला लावली याचा राग मला आजही येतो.

तिला सांगितलं ते असं. इ.स.पू. ३०५ मध्ये डिमेट्रियस या मॅसेडोनियन सेनानीने ऱ्होड्सला वेढा घातला आणि वर्षभराने तो उठवून निघून गेला. त्याने मागे टाकलेली युद्धयंत्रं विकून आलेल्या पैशातून ऱ्होड्सवासीयांनी आपल्या सूर्यदेवाचा, हेलिओसचा, कांस्याचा पुतळा उभारला. शिल्पकार लिंडॉसचा कॅरीस. काम १२ वर्षं चाललं, उंची सुमारे ३३ मीटर. आता विचार करा: व्यापारावर जगणारं शहर आपल्या बंदराचं तोंड १२ वर्षं अडवून ठेवील का? आणि ३३ मीटर उंचीच्या आकृतीचे पाय असतात १६-१७ मीटरचे. ते फाकवून किती फाकवणार?

सगळ्यात मोठा पुरावा पुतळ्याच्या पडण्यातच आहे. इ.स.पू. २२६ च्या सुमारास भूकंप झाला आणि पुतळा गुडघ्यांपाशी मोडून कोसळला. स्ट्रेबो स्पष्ट लिहितो की तो जमिनीवर पडलेला आहे. बंदराच्या तोंडावर उभा असता तर तो पाण्यात पडला असता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की पडलेल्या पुतळ्याच्या अंगठ्यालाही फार थोड्यांना कवेत घेता येतं. लोक जवळ जाऊन मिठी मारून पाहत होते, म्हणजे तो जमिनीवरच होता. फाकलेल्या पायांची कथा आपल्याला भेटते ती १४ व्या शतकाच्या अखेरीस, एका इटालियन यात्रेकरूच्या लेखनात. १६ व्या शतकात हीम्सकर्क या डच चित्रकाराने ती चित्रात उतरवली आणि मग सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली.

इथे घाईचा प्रश्न येतो. नवे लिहिणारे आधी चित्र शोधतात आणि मग चित्राला शोभेल असा मजकूर लिहितात. आता तर यंत्राकडून हवं तसं चित्र मिनिटात काढून मिळतं आणि त्यात पाय हमखास फाकलेले असतात. मी लेख पुरा होईपर्यंत एकही चित्र उघडत नाही, आणि ही सवय मी कळकळीने सुचवतो.

आणखी एक. ९०० उंटांवर लादून कांस्य नेल्याची गोष्ट लिहायला हरकत नाही, पण ती कोणी सांगितली ते सोबत लिहा. इ.स. ६५३ मध्ये अरबांनी ऱ्होड्स घेतल्यावर एडेसाच्या एका व्यापाऱ्याला ते अवशेष विकले असं बायझंटाईन बखरकार थिओफेनिस सांगतो. तो लिहितो आहे घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. उंटांचा आकडा डोळे झाकून छापू नका.

'काळाच्या ओघात'

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे येतो. काळ दगड उचलून नेत नाही. प्रत्येक आश्चर्याचा शेवट वेगळा आहे आणि त्यात माणसांचे हात आहेत.

आर्टेमिसचं मंदिर इ.स.पू. ३५६ मध्ये हिरोस्ट्रेटस नावाच्या माणसाने जाळलं, केवळ नाव व्हावं म्हणून. इफिससवाल्यांनी त्याचं नाव उच्चारायला बंदी घातली, तरी इतिहासकार थिओपोम्पसने ते नोंदवून ठेवलंच. पुढे अलेक्झांडरने पुनर्बांधणीचा खर्च देऊ केला, तेव्हा 'एका देवाने दुसऱ्या देवाला भेट देणं शोभत नाही' असं सांगून त्यांनी तो नम्रपणे नाकारला आणि स्वतःच्या पैशांनी मंदिर पुन्हा बांधलं. इ.स. २६८ मध्ये गॉथ टोळ्यांनी ते लुटलं, जाळलं. उरलेला संगमरवर लोकांनी बांधकामाला नेला, चुन्याच्या भट्ट्यांत घातला. जागा इतकी बेपत्ता झाली की जॉन टर्टल वुड या इंग्रज संशोधकाने १८६३ मध्ये शोध सुरू केला आणि मंदिराचा तळ लागायला १८६९ चा डिसेंबर उजाडला. थिएटरमधल्या एका शिलालेखात देवीच्या मिरवणुकीचा मार्ग दिला होता. तो धरून, वेशीपासून जुना रस्ता खणत खणत तो दलदलीतल्या त्या जागेपर्यंत पोचला. एवढी मोठी कहाणी 'काळाच्या ओघात' या दोन शब्दांत बुडवायची?

मॉसोलसची समाधी भूकंपांनी ढासळली हे खरं, पण उरलेली उचलली ती सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढाऊ पंथाने. मॉसोलस इ.स.पू. ३५३ मध्ये वारला. त्याची बहीण आणि पत्नी आर्टेमिसिया हिने काम पुढे नेलं, पण तीही दोन वर्षांत गेली. समाधी मात्र दीड हजारांहून अधिक वर्षं टिकली. १४९४ मध्ये आणि पुन्हा १५२२ मध्ये सरदारांनी बोडरुमच्या (हॅलिकार्नाससचं आजचं नाव) किल्ल्याच्या भक्कमीसाठी तिचे दगड वापरले, संगमरवर जाळून चुना केला. ते दगड आजही किल्ल्याच्या भिंतींत आहेत. अलेक्झांड्रियाचं दीपगृहही असंच. १३०३ आणि १३२३ च्या भूकंपांनी ते मोडलं. इब्न बतूता १३२६ मध्ये गेला तेव्हा एक बाजू पडलेली होती, १३४९ मध्ये दाराशी जाणंही अशक्य झालं होतं. १४७७ मध्ये सुलतान काइतबेने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याभोवतीच्या समुद्रात १९९४ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ज्याँ-इव्ह आँपरर यांच्या पाण्याखाली उतरणाऱ्या पथकाला प्रचंड शिळा आणि पुतळे सापडले.

यासाठी मी वहीत चार रकाने आखतो: कधी उभारलं, कशाने मोडलं, कोणी उचललं, आज कुठे आहे. तिसरा रकाना रिकामा असेपर्यंत लिहायला घेत नाही.

लहान पण चिवट

पिरॅमिड 'जसाच्या तसा' उभा आहे असं लिहू नका. त्याचं गुळगुळीत पांढऱ्या चुनखडीचं आवरण लोकांनी काढून कैरोतल्या बांधकामांना वापरलं. मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती, आता १३८ च्या आसपास आहे.

इ.स.पू. आणि इ.स. यांच्यामध्ये शून्य साल नाही. पुतळा पडला इ.स.पू. २२६, कांस्य विकलं इ.स. ६५३, म्हणजे ८७८ वर्षं, ८७९ नव्हेत. आणि सातही आश्चर्यं 'हजार वर्षं एकत्र' नव्हती. कोलोसस उभाच राहिला जेमतेम ५५ वर्षं.

अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय या यादीत नाही.

झ्यूसची मूर्ती संगमरवरी नव्हती. लाकडाच्या सांगाड्यावर हस्तिदंत आणि सोनं, शिल्पकार फिडियस. ती कॉन्स्टँटिनोपलला नेली आणि तिथल्या लॉसस या अधिकाऱ्याच्या वाड्यात इ.स. ४७५ च्या आगीत गेली असं सांगितलं जातं. मूर्तीचा तुकडाही हाती नाही, पण ऑलिंपियात फिडियसची कार्यशाळा सापडली आहे, मातीच्या साच्यांसकट.

झुलत्या बागांबद्दल 'बॅबिलोनचा राजा नेबुचदनेझर याने राणीसाठी बांधल्या' असं ठणकावून सांगू नका. त्याच्या स्वतःच्या शिलालेखांत तटांचा, राजवाड्यांचा अभिमानाने उल्लेख आहे, बागांचा नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसही गप्प आहे. राणीची कथा येते बेरॉसस या बॅबिलोनी पुजाऱ्याच्या नावावर, तीही ज्यू इतिहासकार जोसेफसने उद्धृत केलेली. जर्मन उत्खननकार रॉबर्ट कोल्डेवेला बॅबिलोनमध्ये कमानींची एक इमारत मिळाली आणि त्याने ती बागांची मानली, पण पुढे ते पटेनासं झालं. संशोधक स्टेफनी डॅली यांच्या मते बागा निनेव्हेत अॅसिरियाचा राजा सेन्नाखेरिब याच्या होत्या, आणि त्याच्या दगडी कालव्याचे अवशेष उत्तर इराकमधल्या जेरवानला उभे आहेत. तेव्हा 'असं सांगतात' एवढंच लिहा.

प्रवासाला जाणाऱ्यांनाही एक सांगतो. तुर्कस्तानच्या सहलीत इफिससजवळच्या सेल्चुकला आर्टेमिसच्या मंदिराचा, तुकडे जोडून उभा केलेला एकच खांब दिसतो, आणि फोटो काढून सगळे बसमध्ये परततात. हे मंदिर खरोखर पाहायचं तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच्या कोरीव खांबाचा तळ पाहा. मॉसोलसच्या समाधीवरचे, चार्ल्स न्यूटनने १८५६-५७ च्या उत्खननात मिळवलेले पुतळे आणि लढाईचा शिल्पपट्टही तिथेच आहे. मुलं-नातवंडं लंडनला असतील तर त्या दालनांसाठी एक सकाळ राखून ठेवा, आणि बोडरुमला गेलात तर समाधीच्या खड्ड्याआधी किल्ल्याच्या भिंती बघा.