कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की मराठवाड्यात लगीनसराई सुरू होते आणि फोटोग्राफरला मान वर करायला फुरसत मिळत नाही. हळद, सीमांतपूजन, लग्न, पाठवणी, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावची ऑर्डर. या सगळ्या धावपळीत लाख-दीड लाखाच्या कॅमेऱ्याची, लेन्सची, बॅटरीची काळजी घेतली जाते. कार्डाच्या बाबतीत मात्र दुकानात प्रश्न एकच असतो: "६४ जीबी कितीला आहे?" अक्षता एकदाच पडतात. त्या वेळी कार्ड अडलं, तर नवरा-नवरीला पुन्हा अंतरपाटामागे उभं करता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की कार्ड जीबी बघून घेऊ नये. आपला कॅमेरा दर सेकंदाला किती डेटा लिहितो, हे बघून घ्यावं. जीबीचा विचार त्यानंतर.

कार्डावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून भुलणं

कार्ड हातात घेऊन नीट बघा. ठळक अक्षरात १००, १७० किंवा २०० एमबी प्रतिसेकंद असं काहीतरी छापलेलं असतं. हा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डातून कॉम्प्युटरवर फोटो घेतानाचा, आणि तोही योग्य रीडर असेल तर. शूटिंग चालू असताना कॅमेरा कार्डावर लिहीत असतो. तो वेग कमी असतो आणि पुष्कळदा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात सापडतो.

खरं कामाचं चिन्ह याहून लहान असतं. सी अक्षराच्या पोटात १० असेल, तर किमान १० एमबी प्रतिसेकंद लिहिण्याची हमी. यू अक्षराच्या पोटात १ असेल तरी तेवढीच, ३ असेल तर ३० एमबीची. व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० यांचा अर्थ अनुक्रमे ३०, ६० आणि ९० एमबी. हा कार्डाचा जास्तीत जास्त वेग नाही, सलग रेकॉर्डिंग चालू असताना वेग याच्या खाली जाणार नाही अशी ती हमी आहे. व्हिडिओला हीच हमी लागते. ए १ आणि ए २ ही चिन्हं मोबाईलमध्ये ॲप चालवण्यासाठी असतात. कॅमेऱ्यासाठी कार्ड घेताना त्यांच्याकडे बघायचं कारण नाही.

आता हिशेब. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो आणि कार्डावर मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून मेनूतल्या आकड्याला ८ ने भागा. १०० मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ दर सेकंदाला साडेबारा एमबी लिहितो. सी १० ची हमी १० एमबीचीच, म्हणजे इथेच ती तोकडी पडते. सोनीच्या ए ७ मार्क ३ मध्ये या सेटिंगला यू ३ कार्ड मागतात ते यामुळेच. कार्ड संथ असेल, तर कॅननच्या कॅमेऱ्यात शूटिंग आपोआप थांबल्याचा संदेश येतो आणि मंगलाष्टकं अर्ध्यावर तुटतात.

फोटो आणि फुल एचडी व्हिडिओ एवढंच काम असेल, तर खात्रीच्या कंपनीचं व्ही ३० कार्ड पुरेसं आहे. व्ही ९० वर पैसे घालण्याआधी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक उघडा. तुमच्या कॅमेऱ्यात तेवढा डेटा लिहिणारं सेटिंगच नसेल, तर त्या पैशात दुसरं कार्ड येतं, आणि ते जास्त उपयोगाचं आहे.

कॅमेऱ्याला न झेपणारं कार्ड घेणं

हिवाळ्यात पैठणला नाथसागराच्या काठावर पक्ष्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते: रोहितांचा थवा उठला, बटण दाबून धरलं, सुरुवातीला खटाखट फोटो निघाले आणि नेमका थवा वळताना कॅमेरा अडकला. कॅमेरा फोटो आधी स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवतो आणि तिथून कार्डावर उतरवतो. ती मेमरी भरली की कार्ड जेवढ्या वेगाने घेईल, तेवढ्याच वेगाने पुढचे फोटो निघतात. इथे लिहिण्याचा वेग जास्त असलेलं कार्ड खरोखर फरक पाडतं.

पण त्यालाही मर्यादा आहे. कार्ड आणि कॅमेरा यांच्यात डेटा ज्या मार्गाने जातो, त्याला यूएचएस म्हणतात. यूएचएस-एकवरून सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबी जातात, यूएचएस-दोनवरून ३१२. यूएचएस-दोन कार्ड मागून ओळखता येतं, त्याच्या सोनेरी पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. असं कार्ड यूएचएस-एक कॅमेऱ्यात चालतं, मात्र यूएचएस-एकच्याच वेगाने. कॅमेऱ्यात कार्ड घालायचे दोन स्लॉट असले तरी दोन्ही सारखे असतील असं धरून चालू नका. ए ७ मार्क ३ मध्ये पहिला स्लॉट यूएचएस-दोनचा आणि दुसरा यूएचएस-एकचा आहे. दोन्हीकडे एकाच वेळी लिहायला लावलं, तर वेग संथ स्लॉटचा मिळतो.

तालुक्याच्या गावी नव्याने धंदा सुरू करणारी मुलं पुष्कळदा जुना कॅमेरा घेतात, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. एसडीएचसी कार्ड ३२ जीबीपर्यंतच असतं. त्यापुढचं, २ टीबीपर्यंतचं कार्ड एसडीएक्ससी, आणि ते २००९ साली आलं. त्याआधीच्या कॅमेऱ्याचा भरवसा ३२ जीबीपर्यंतच धरावा. निकॉनच्या डी ९० च्या माहितीपत्रकात एसडी आणि एसडीएचसी एवढंच आहे. त्यात ६४ जीबी चाललं नाही, तर दोष कार्डाचा नाही.

सगळं लग्न एकाच कार्डावर

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला मूळ फोटो साधारण २५ ते ३० एमबीचा, म्हणजे ६४ जीबीत दोन हजारांच्या वर फोटो. १०० मेगाबिटचा व्हिडिओ त्याच कार्डात सुमारे ८५ मिनिटं बसतो. हा हिशेब करून दोन किंवा तीन ६४ जीबी कार्डं घ्यावीत, एकटं २५६ नको, असं मी सांगेन. हळद संपली की कार्ड बदला, लग्नाला दुसरं घाला. स्लॉट दोन असतील, तर दुसरा 'पहिलं भरल्यावर' या सेटिंगवर न ठेवता बॅकअपवर ठेवा. लग्नाच्या कामात दुसऱ्या स्लॉटचा खरा उपयोग हाच आहे.

६४ जीबी कार्ड कॉम्प्युटरवर ५९ जीबीच्या आसपास दिसतं. मोजण्याच्या पद्धतीतला तो फरक आहे, फसवणूक नव्हे.

नकली कार्ड न तपासता कामाला लावणं

खरी फसवणूक दिसत नाही. नकली कार्डात ८ किंवा १६ जीबीचीच चिप असते, पण तिच्यातला प्रोग्राम बदलून ती कॅमेऱ्याला आणि कॉम्प्युटरला १२८ जीबी सांगते. पहिले काही जीबी अगदी नीट लिहिले जातात. म्हणून दुकानातच दोन फोटो काढून "चालतंय की" म्हणणं ही तपासणी नव्हे. खरी जागा संपली की पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा कुठेच जात नाहीत. कॅमेरा काही बोलत नाही. नाव दिसतं, आकार दिसतो, आणि फोटो उघडायला गेलं की अर्धा करडा, नाहीतर उघडतच नाही. सकाळच्या हळदीचे फोटो चांगले, दुपारच्या लग्नाचे गेलेले, असं घडलं तर आधी या शक्यतेचा विचार करा.

यावर उपाय फुकट आहे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३ हे प्रोग्राम संपूर्ण कार्ड भरून लिहितात आणि परत वाचून पडताळतात. ६४ जीबीला साध्या रीडरवर तास-दीड तास जाऊ शकतो. कार्ड घेतलं त्याच दिवशी, रिकामं असतानाच हे करा आणि पक्कं बिल जपून ठेवा. त्याच प्रोग्रामातून लिहिण्याचा खरा वेगही कळतो. बाजारभावाच्या निम्म्याने मिळणारं नामांकित कंपनीचं कार्ड ऑर्डरच्या कामाला घेऊच नका.

मोबाईलचं मायक्रो एसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात वापरणंही टाळा. जोड वाढला की संपर्क सुटण्याची एक जागा वाढते. अडचणीला ठीक, लग्नाला नको.

हळदीची बोटं आणि लुकलुकता दिवा

कार्ड खराब निघालं म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळ हाताळणीच्या असतात. हळदीच्या मांडवात फोटोग्राफरलाही हळद लागते. त्याच बोटांनी कार्ड बदललं की तेल-हळदीचा पातळ थर सोनेरी पट्ट्यांवर बसतो आणि तिथून कॅमेऱ्याच्या आतल्या पिनांवर. मग कधी कार्ड दिसतं, कधी नाही. कॅननवर एरर ०२ येतो, म्हणजे कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. कार्ड काढून पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा घाला. खोडरबराने घासायची सवय अनेकांना आहे. तिने मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो.

कॅमेऱ्यावरचा कार्डाचा छोटा दिवा लुकलुकत असताना झाकण उघडू नका, बॅटरी काढू नका. लिहिणं अर्धवट राहिलं, तर तो एकच फोटो जाईल असं नाही, कार्डावरची फोटोंची यादीच बिघडू शकते. बॅटरी शेवटच्या कांडीवर आली की बदला, बंद पडायची वाट बघू नका.

कॅमेरा "कार्ड लॉक आहे" म्हणत असेल, तर कार्डाच्या कडेची खिटी बघा. स्लॉटमध्ये सरकवताना ती खाली घसरते. खिटी सैल झालेलं कार्ड बाजूला काढा. तिला चिकटपट्टी लावून काम भागवणारे पाहिलेत, पण ती पट्टी स्लॉटमध्ये अडकली तर दुरुस्ती कॅमेऱ्याची करावी लागते.

फॉरमॅट नेहमी ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्याच कॅमेऱ्यात करा. पाहुण्यांना दाखवायला कार्ड टीव्हीत किंवा मोबाईलमध्ये घातलं, तर त्यावर नको ती फोल्डरं तयार होतात. सोनीच्या कॅमेऱ्यातली कार्डावरची फोल्डरं कॉम्प्युटरवरून उडवली, तर पुढच्या वेळी डेटाबेस दुरुस्त करायचा का, असं कॅमेरा विचारतो.

दोष कार्डावर ढकलणं

एप्रिल-मेमध्ये लातूर, परभणी, नांदेडला पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या मांडवात व्हिडिओ चालू असताना कॅमेरा बंद पडला की पहिला संशय कार्डावर. चांगल्या कार्डांची मर्यादा साधारण ८५ अंशांपर्यंत असते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात मात्र ० ते ४० अंश एवढंच दिलेलं असतं. तापतो तो कॅमेरा. त्याला सावली द्या, दोन शॉटच्या मध्ये बंद करा.

रेकॉर्डिंग बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबत असेल, तर ती अनेक कॅमेऱ्यांना कंपनीनेच घातलेली मर्यादा आहे. कार्ड बदलून ती जाणार नाही. सप्तपदीच्या आधी एकदा थांबवून पुन्हा सुरू करा.

फोटो गेल्यावर घाई करणं

फोटो दिसेनासे झाले किंवा चुकून फॉरमॅट झालं, तर त्या कार्डावर एकही नवीन फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटने यादी पुसली जाते, फोटो बहुधा जागेवरच असतात. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं गेलं, तरच ते कायमचे जातात. कार्ड काढा, खिटी लॉकवर करा. कॉम्प्युटरने "फॉरमॅट करायचं का?" विचारलं, तर 'नाही' म्हणा. फोटोरेक हा मोफत प्रोग्राम चालवून सापडतील ते फोटो दुसऱ्या डिस्कवर काढा. मूळ नावं मिळत नाहीत, फोटो मिळतात. कार्ड कुठल्याच रीडरला दिसत नसेल, तर घरी खटपट न करता डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

कट करून पेस्ट करणं

स्टुडिओत कार्डातून फोटो घेताना कट-पेस्ट कधीही नको, कॉपीच करा. मध्येच लाईट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसला, तर कटमध्ये फाइल इकडचीही जाऊ शकते आणि तिकडे अर्धवट राहू शकते. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती घ्या, प्रत्येक फोल्डरमधले सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे फोटो मोठे करून उघडा, मगच कार्ड फॉरमॅट करा. व्हिडिओ जोडून देणाऱ्या मिक्सिंगवाल्याला हार्ड डिस्क द्या, कार्ड देऊ नका.

कार्डांवर मार्करने नंबर घाला. ज्या नंबरने एकदा कारण नसताना एरर दिला, तो फॉरमॅट केल्यावर नीट चालला तरी ऑर्डरच्या बॅगेतून काढा आणि सरावाला ठेवा.